कुटुंबासोबत स्कूबा डायव्हिंग: बेट कसे निवडावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचे कुटुंब, दहा दिवसांची सुट्टी. वडिलांना डायव्हिंगचा बऱ्यापैकी अनुभव आहे. आईने काही वर्षांपूर्वी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स केला, पण नंतर पाण्यात उतरणे झाले नाही. मुलगी १२ वर्षांची, तिला कोर्स करायचा आहे. मुलगा ८ वर्षांचा. मालदीव, बाली की कॅरिबियन, आणि कोणत्या महिन्यात?

सुरुवात धाकट्यापासून करा. चौघांत पाण्यात जो सर्वांत कच्चा आहे, त्याला सोयीचे बेट निवडले तर बाकीच्या तिघांनाही चांगले डायव्हिंग मिळते. वडिलांच्या आवडीचे बेट निवडले, म्हणजे जोरदार प्रवाहातले शार्क, खोल भिंती, तीन-तीन तासांच्या बोटी, तर एकजण पाण्याखाली असतो आणि तिघे किनाऱ्यावर त्याची वाट पाहत बसतात. कौटुंबिक डायव्हिंगच्या सुट्ट्या फसतात त्या बहुतेक याच कारणाने.

आधी वयाचे नियम, कारण त्यांत तडजोड नाही. डायव्हिंगचे प्रशिक्षण देणाऱ्या पॅडी या संस्थेच्या नियमांनुसार ८ वर्षांच्या मुलाला बबलमेकर करता येते: तलावात किंवा शांत उथळ पाण्यात, जास्तीत जास्त २ मीटर खोलीवर. १० पूर्ण झाल्यावर इन्स्ट्रक्टरसोबत १२ मीटरपर्यंतचा अनुभव-डायव्ह करता येतो आणि ज्युनिअर ओपन वॉटर कोर्सही. १० आणि ११ वर्षांच्या प्रमाणित मुलांना १२ मीटरची मर्यादा असते, शिवाय सोबत पालक किंवा व्यावसायिक डायव्हर लागतो. १२ ते १४ या वयात मर्यादा १८ मीटर आणि सोबत प्रमाणित प्रौढ हवाच. तुमची मुलगी या गटात आली आहे, ही मोठी सोय आहे. एसएसआय आणि इतर संस्थांचे नियम साधारण याच वळणाचे आहेत, पण काही देशांचे कायदे आणि बऱ्याच केंद्रांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. ‘आम्ही १० वर्षांखाली कुणालाच घेत नाही’ म्हणणारी केंद्रे भरपूर आहेत. मुलाला बबलमेकर मिळणार आहे की नाही, हे केंद्राकडून लेखी विचारून घ्या.

आता कान. लहान मुलाच्या डायव्हमध्ये सर्वाधिक वेळा आडवा येतो तो कान. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी मुलांमध्ये अरुंद आणि जास्त आडवी असते, त्यामुळे दाब सारखा व्हायला वेळ लागतो. दाबाचा फरकही वरच्याच थरात सर्वांत वेगाने पडतो. पृष्ठभागापासून १० मीटरवर पोचेपर्यंत दाब दुप्पट होतो. तिथून पुन्हा दुप्पट व्हायला ३० मीटर गाठावे लागतात. म्हणजे प्रौढाला जी खोली किरकोळ वाटते, त्या पहिल्या दोन-चार मीटरमध्येच मुलाचा कान अडतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, दर अर्ध्या मीटरला, आणि दुखायला लागण्याआधी. दुखलेच तर इन्स्ट्रक्टरला तळवा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवायचे, मीटरभर वर यायचे आणि तिथे थांबून पुन्हा फुंकायचे. जोर लावून फुंकल्याने कानाच्या पडद्याला किंवा आतल्या कानाला इजा होऊ शकते, आणि मग राहिलेली सुट्टी कोरड्यावरच काढावी लागते.

बेट निवडण्याशी याचा थेट संबंध आहे. किनाऱ्यापासून वाळू हळूहळू उतरत ५-६ मीटरपर्यंत जात असेल, तर मूल हव्या त्या खोलीवर गुडघे टेकून थांबू शकते, पुन्हा वर येऊ शकते, सावकाश पुढे जाऊ शकते. बोटीतून थेट निळ्या पाण्यात उडी मारली की पायाखाली काहीच नसते. मधल्या पाण्यात एकाच खोलीवर तरंगत राहणे हे कौशल्य नवशिक्याकडे नसते, त्यामुळे ते एकदम खाली जाते आणि कान अडतो. नांगराची दोरी धरून उतरण्याची सोय असेल तर बोटीवरूनही जमते, पण पहिल्या दोन दिवसांसाठी किनारा तो किनाराच.

म्हणून कौटुंबिक सुट्टीसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाउस रीफ, म्हणजे मुक्कामाच्या जागेसमोरूनच चालत उतरता येईल असे प्रवाळ. ते पारखताना चार गोष्टी पाहा. प्रवाळाची कड किनाऱ्यापासून किती दूर आहे: ३०-४० मीटर असेल तर मूल पोहत जाते, २०० मीटर असेल तर पोचेपर्यंतच दमते. आत उतरण्याची वाट कशी आहे: वाळू, जेट्टीची शिडी, की निसरडे दगड. ओहोटीला काय होते: झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र काहीशे मीटर आत हटतो आणि घोटाभर पाण्यात काटेरी समुद्रसाळींमधून चालावे लागते, भरतीच्या वेळी काढलेल्या जाहिरातीच्या फोटोत हे दिसत नाही. आणि प्रवाळ आज जिवंत आहे का. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची (तापलेल्या पाण्याने प्रवाळ पांढरे पडण्याची) अधिकृत घोषणा झाली, त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फोटोंवर जाऊ नका; गेल्या काही महिन्यांतले पाण्याखालचे फोटो मागा. चांगले केंद्र ते लगेच पाठवते.

हाउस रीफचा आणखी एक फायदा आई-वडिलांसाठी आहे. आठ वर्षांच्या मुलाजवळ कुणीतरी मोठे थांबणे भाग आहे, म्हणजे दोघांना आळीपाळीनेच डायव्ह करावे लागणार. बोट दोन सिलिंडरच्या, म्हणजे एकाच वेळी दोन डायव्हच्या फेरीची असेल, सकाळी आठला निघून दुपारी एकला परतणारी, तर एकाची सकाळ गेली आणि दुसऱ्याला दुपारी बोटच नाही. एका डायव्हनंतर परत आणून सोडणाऱ्या बोटी असतील, किंवा समोरच्याच प्रवाळावर तासाभराचे डायव्ह करता येत असतील, तर नऊला वडील, अकराला आई आणि जेवणानंतर मुलीचा वर्ग, असे सहज जमते. कौटुंबिक सुट्टीसाठी केंद्राला विचारायच्या प्रश्नांत हा पहिल्या तिघांत बसतो, आणि तोच लोक विसरतात.

प्रवाहाबद्दल स्पष्ट बोलतो. मुलगी कोर्स करून आली तरी पहिल्या वर्षी तिला ओढीच्या पाण्यात नेऊ नका. एक व्यावहारिक अडचण असते, ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते: नियमानुसार १२ वर्षांच्या मुलीची जोडी वडिलांशी लागते, पण पाण्याखाली वडिलांना काही झाले तर ती त्यांना वर आणू शकेल का? बहुतेक नाही. म्हणजे अशा जोडीत वडील प्रत्यक्षात एकटेच डायव्ह करत असतात. त्यामुळे मुलीसोबतच्या प्रत्येक डायव्हला तिसरा माणूस हवा, गाइड किंवा इन्स्ट्रक्टर. स्वतंत्र गाइड सहज मिळेल असे ठिकाण निवडा. गाइडसोबतही मुलीसाठी ८ ते १० मीटर खोली, ३०-३५ मिनिटे आणि दिवसाला एक, फार तर दोन डायव्ह इतके पुरे. पाण्याखाली शरीरात किती नायट्रोजन मुरतो ते सांगणारी कोष्टके आणि डायव्हिंगचे संगणक प्रौढांच्या माहितीवर बेतलेले आहेत. वाढत्या शरीरावर त्याचा परिणाम नेमका किती हे त्यांतून कळत नाही, म्हणून मुलांच्या बाबतीत मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबणे हेच शहाणपणाचे.

आता महिना. मोसम चुकला तर उत्तम बेटही वाया जाते. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे मोसम उलटे असतात, हे लक्षात ठेवले की अर्धी निवड आपोआप होते. थायलंडमध्ये सिमिलान बेटांचे राष्ट्रीय उद्यान मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंद असते; पण पलीकडे आखातातल्या को ताओला मार्च ते सप्टेंबर चांगला काळ असतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचा. मलेशियाची परहेंतियन बेटे नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळपास बंदच असतात. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वांत धोक्याचा. मात्र बोनेअर, कुरासाव आणि अरुबा ही तीन बेटे वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने त्यांना हा फटका क्वचित बसतो. फिलिपिन्ससाठी मार्च ते मे उत्तम. जुलैपासून पुढे टायफूनची शक्यता वाढते. सेशेल्समध्ये एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे वारे दिशा बदलतात तेव्हाचे निवांत आठवडे. अंदमानात नोव्हेंबर ते एप्रिल. स्वराज द्वीपवरची उथळ नीमो रीफ शिकण्यासाठी नावाजलेली आहे.

मालदीव. डिसेंबर ते एप्रिल इथे ईशान्य मोसमी वारे असतात, आकाश कोरडे आणि समुद्र तुलनेने शांत. या काळात प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो: पूर्व बाजूच्या खिंडींतून महासागराचे नितळ पाणी प्रवाळवलयात येते आणि प्लवकांनी भरलेले पाणी पश्चिमेकडून बाहेर पडते. म्हणून नितळ पाणी हवे असेल तर पूर्वेला, मांटा रे हे अवाढव्य चपटे मासे पाहायचे असतील तर पश्चिमेला. नैर्ऋत्य मोसमात हे उलटते. बा प्रवाळवलयातल्या हनिफारू उपसागरात साधारण मे ते नोव्हेंबर मांटा मोठ्या संख्येने जमतात, आणि तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग चालते. तुमच्यासारख्या कुटुंबाला ही बंदी फायद्याची, कारण चौघेही एकत्र उतरू शकतात. मालदीवमध्ये हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ३० मीटर आहे. ‘कांडू’ म्हणजे खिंड: तिथे ओढ जोरदार असते, मुलांसाठी नाही. ‘गिरी’ म्हणजे पृष्ठभागाजवळ येणारा उथळ प्रवाळउंचवटा: तुम्हाला हाच हवा.

मालदीवची मेख अशी, की बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक स्वतंत्र बेट आणि त्यावर एकच डायव्ह केंद्र. ते पटले नाही तर दुसरे गाठता येत नाही. म्हणून राहायची खोली कशी आहे हे पाहण्याआधी बेट पाहा. काही बेटांभोवती विस्तीर्ण वालुकामय लगून असते: फोटो सुरेख, पण पोहत गाठता येईल असे प्रवाळ नाही. विलामेंधू, बियाधू अशा बेटांचे नाव हाउस रीफसाठी वर्षानुवर्षे घेतले जाते. पाण्यावरच्या खोल्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना परवानगी नसते. आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. तुमचे विमान दुपारनंतर उशिरा उतरत असेल तर एक रात्र मालेजवळच काढावी लागेल आणि दहातला एक दिवस तिथेच संपेल.

बाली म्हटले की लोकांच्या मनात एकच बेट येते, पण डायव्हिंगच्या दृष्टीने तिथे दोन अगदी वेगळ्या जागा आहेत. नुसा पेनिडाभोवती जुलै ते ऑक्टोबर मोला मोला हा प्रचंड मासा दिसतो, त्यासाठी अनुभवी लोक मुद्दाम जातात. पण तिथली ओढ खाली आणि वर दोन्हीकडे खेचते, आणि खालून थंड पाण्याचा लोट येतो तेव्हा तापमान एकदम काही अंशांनी पडते. मुलांना तिथे नेऊ नका. याउलट ईशान्य किनाऱ्यावरचे आमेद आणि तुलांबेन कुटुंबासाठी योग्य. आमेदच्या जेमेलुक उपसागरात उतार सौम्य आहे. तुलांबेनला १९४२ मध्ये टॉर्पेडो लागलेले आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने समुद्रात ढकलले गेलेले लिबर्टी हे जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पडले आहे. त्याचा वरचा भाग सुमारे ५ मीटरवर असल्याने मुलगी तिच्या मर्यादेत राहून जहाज पाहू शकते आणि वडील खालच्या बाजूला जाऊ शकतात. अडचण एकच: किनारा काळ्या गोट्यांचा आहे, आणि लाटा असल्या की सिलिंडर पाठीवर घेऊन त्यावर तोल सांभाळणे कठीण जाते. जाड तळव्याचे बूट घाला, सिलिंडर उचलायला तिथले हमाल असतात त्यांची मदत घ्या, आणि शक्यतो सकाळी लवकर उतरा, तेव्हा पाणीही शांत आणि गर्दीही कमी. बालीत पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च. मे ते ऑक्टोबर बरा.

शेजारची गिली बेटे नवशिक्यांसाठी खरोखर सोपी. मोटारगाड्या नाहीत, डायव्ह केंद्रे चालत अंतरावर, कासवे हमखास. गिली एअर कुटुंबांना जास्त मानवते, त्रावांगान गजबजलेले. मात्र बालीहून येणाऱ्या वेगवान बोटी जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यात चांगल्याच आपटतात. ज्याला बोट लागते त्याने गोळी आधी घरी एकदा घेऊन पाहावी, कारण काहींनी गुंगी येते आणि गुंगीत डायव्ह करणे धोक्याचे असते. बोटीत मागच्या बाजूला बसून नजर क्षितिजावर ठेवली की त्रास कमी होतो.

बोनेअरला किनाऱ्यावरून डायव्हिंगची पंढरीच म्हणावे. पश्चिमेची बाजू व्यापारी वाऱ्यांच्या आडोशाला असल्याने वर्षभर शांत असते; रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाच्या दगडांवर डायव्हच्या जागांची नावे लिहिलेली असतात, अशा पन्नासहून अधिक जागा आहेत. पिकअप गाडी भाड्याने घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे आणि वाटेल तिथे थांबायचे. आळीपाळीने डायव्ह करणाऱ्या पालकांना याहून सोयीचे काही नाही. १९७९ पासून संपूर्ण किनारा सागरी उद्यान आहे. पाण्यात उतरण्याआधी शुल्क भरून माहितीसत्र आणि एक ओळख-डायव्ह करावा लागतो, आणि हातमोजे घालायला बंदी आहे, म्हणजे कुणी प्रवाळाला धरू नये. उणीव अशी, की वाळूचे किनारे कमी. बहुतेक ठिकाणी तुटक्या प्रवाळांवरून चालत आत जावे लागते, आणि आठ वर्षांच्या मुलाला दिवसभर वाळूत खेळायला मिळणार नाही. तो आग्रह असेल तर शेजारचे कुरासाव घ्या: तिथे छोट्या वालुकामय खाड्या आहेत आणि टगबोट नावाची बुडालेली बोट अवघ्या ५ मीटर पाण्यात आहे, ती धाकट्याला स्नॉर्कल लावून वरूनही दिसते.

कॅरिबियनमधलेच ग्रँड केमन हेही विचारात घ्या. स्टिंगरे सिटी या जागी जेमतेम ४ मीटर पाण्यात डायव्हर स्टिंगरे या चपट्या माशांच्या मधोमध बसतात, आणि जवळच्या वालुकापट्टीवर कंबरभर पाण्यात धाकट्यालाही ते पाहता येतात. इथले पाणी फार नितळ असते. कोझुमेल आणि रंगिरोआसारख्या जागा या सहलीसाठी बाजूला ठेवा. तिथले डायव्ह प्रवाहासोबत वाहत जाण्याचे असतात. राजा अंपत, कोमोडो, सिपादान यांचेही तेच: अप्रतिम, पण मुलगी १६-१७ ची होऊन पुरेसे डायव्ह गाठीशी आल्यावर.

माझा कल विचाराल तर: डिसेंबर ते मार्च सुट्टी असेल तर मालदीवमधले चांगल्या हाउस रीफचे बेट, मे ते सप्टेंबर असेल तर आमेद आणि गिली एअर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर बोनेअर किंवा कुरासाव. लांब विमानप्रवास मुलांना सोसत नसेल तर यांपैकी जे जवळ पडेल तेच उत्तम, कारण वेळेच्या मोठ्या फरकाने झोप उडालेले मूल पहिले दोन दिवस कोर्सला बसूच शकत नाही.

बेट ठरले की केंद्राला पत्र लिहा, आणि प्रश्न नेमके विचारा. ८ वर्षांच्या मुलाला कुठे उतरवता, तलावात की लगूनमध्ये? एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? पॅडीच्या नियमात खुल्या पाण्यातल्या अनुभव-डायव्हला एका इन्स्ट्रक्टरमागे चार चालतात. मुलांसाठी एकास दोन, धाकट्यासाठी एकास एक मागा. ६ किंवा ८ लिटरचा लहान सिलिंडर, सर्वांत लहान मापाचे बीसीडी (हवा भरून तरंगवणारे जॅकेट) आणि छोट्या तोंडाचा माउथपीस आहे का? नेहमीचा ॲल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर लहान मुलाला मागे ओढतो, आणि ढगळ बीसीडी पाण्यावर तरंगताना वर सरकून थेट हनुवटीशी येते. त्याने मूल घाबरते. बोटीवर ऑक्सिजन आहे का? डायव्हिंगच्या आजारावर (शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्यावर) उपचार करणारा जवळचा दाबकक्ष कुठे, सध्या चालू आहे का, आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? मुलांशी त्यांना समजेल अशा भाषेत बोलणारा इन्स्ट्रक्टर आहे का? ‘सगळे होईल, काळजी नको’ एवढेच उत्तर आले तर दुसरे केंद्र शोधा.

त्याच पत्रात आरोग्यविषयक प्रश्नावली मागवा आणि ती घरीच भरा. दमा, कानाच्या शस्त्रक्रिया, फिट्स, हृदयविकार, चालू असलेली औषधे असे प्रश्न त्यात असतात, आणि ठरावीक प्रश्नांना ‘होय’ असले की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. हा कागद बेटावर पोचल्यावर पहिल्यांदा पाहिला, लहानपणीचा दमा आठवला, आणि बेटावर सही करणारा डॉक्टरच नाही: कोर्स हुकण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. खोटे ‘नाही’ लिहू नका; दम्यात हवा फुप्फुसात अडकली तर वर येताना ती प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकते. मलेरियाच्या प्रदेशात जाणार असाल तर डॉक्टरांना डायव्हिंगचे आवर्जून सांगा: मेफ्लोक्विन या गोळीचे चक्कर, गोंधळ असे दुष्परिणाम डायव्हिंगच्या आजारासारखेच दिसतात, म्हणून डायव्हरना सहसा दुसरी गोळी देतात. विमा घेताना डायव्हिंग, खोलीची मर्यादा आणि हवाई रुग्णवाहिका ही तीन कलमे नीट वाचा. डॅनसारख्या डायव्हरसाठीच्या संस्थांचा विमा याच कामासाठी असतो.

सामानातले फक्त तीन नग स्वतःचे घ्या: मास्क, मुलांचे वेटसूट आणि मुलांचे फिन्स. मास्क दुकानातच तपासा. पट्टा न लावता मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढायला सांगा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर बरोबर; पडला किंवा कपाळाच्या केसांपाशी फुसफुस हवा आत आली तर दुसरा पाहा. कारखान्यातला पातळ थर काचेवर राहतो आणि नवा मास्क धुकटतो, म्हणून आत साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून दोन-तीनदा धुवा. पाणी २८ अंशांचे असले तरी ते शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढते आणि मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर थंड पडते; बारीक मुलाला ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट, कुडकुडणाऱ्याला ५ चा. ओठ निळसर दिसले की डायव्ह संपला, मूल ‘अजून थोडे’ म्हणत असले तरी. प्रवाळाला घातक रसायने नसलेले सनस्क्रीन घ्या, पालाऊ आणि हवाईत तसे कायदेच आहेत. त्याहून बरा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट.

रोज पाण्यातून बाहेर आल्यावर मुलांचे कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा. सतत ओल्या राहिलेल्या कानाच्या बाहेरच्या नळीत जंतुसंसर्ग होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान ओढला की दुखू लागतो. सर्दी झालेल्या मुलाने त्या दिवशी डायव्ह करायचा नाही. नाक मोकळे करणारे औषध देऊन उतरवले तर पाण्याखालीच त्याचा असर ओसरतो आणि वर येताना हवा कानात अडकते. म्हणून वेळापत्रकात एक मोकळा दिवस ठेवा आणि दहा-वीस डायव्हचे पॅकेज आधीच विकत घेऊ नका. पहिल्या दिवसापुरते घ्या. मुलाला आयत्या वेळी नको वाटले तर ‘एवढे पैसे भरलेत’ हे कारण तुमच्या तोंडी यायला नको.

दहा दिवसांची मांडणी साधारण अशी करा. कोर्सचा सैद्धांतिक भाग मुलीने घरीच ऑनलाइन संपवायचा आणि २०० मीटर पोहणे व १० मिनिटे तरंगणे आधीच जमवायचे. आईने निघण्याआधी किंवा पहिल्याच दिवशी तलावात उजळणी करायची: मास्कमधले पाणी काढणे, रेग्युलेटर (तोंडात धरायचे श्वासाचे साधन) सुटल्यावर परत मिळवणे, एकाच खोलीवर तरंगत राहणे. पहिला दिवस प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी फक्त स्नॉर्कलिंग करायचे, मोठ्याच्या हाताच्या अंतरावर. वरून मासे पाहून झाले की खाली जायची भीती निम्मी होते. तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत मुलीचा कोर्स, त्यात चार खुल्या पाण्यातले डायव्ह. धाकट्याचे बबलमेकर चौथ्या दिवशी सकाळी, जेव्हा वाराही कमी असतो. सातवा मोकळा. आठव्या दिवशी मुलगी, एक पालक आणि गाइड असा तिघांचा डायव्ह, दुसऱ्या पालकाचा दुपारी. नववा कोरडा.

नववा कोरडा ठेवण्याचे कारण परतीचे विमान: उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. डॅनच्या मार्गदर्शनानुसार एकाच डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवस डायव्हिंग केले असेल तर किमान १८ तास उड्डाण टाळायचे. मुले सोबत असताना पूर्ण २४ तास धरा. सीप्लेन म्हणजेही उड्डाणच. आणि डोंगरही त्यातच येतो: तुलांबेनहून किंतामणीमार्गे दक्षिणेला परतणारा रस्ता ६०० मीटरच्या बराच वर चढतो, म्हणून शेवटच्या डायव्हच्या संध्याकाळी गाडीवाल्याला किनाऱ्याच्या रस्त्यानेच न्यायला सांगा. नवव्या दिवशी पृष्ठभागावरचे स्नॉर्कलिंग चालते, श्वास रोखून खोल बुड्या मारणे नको.

आरक्षणाचा क्रम नेहमीच्या उलटा ठेवा. आधी आरोग्याची प्रश्नावली, मग केंद्राचे लेखी उत्तर, मग त्या केंद्राजवळची राहायची खोली, आणि सर्वांत शेवटी विमान: जाताना बेटावर दुपारपर्यंत पोचवणारे, परतताना शक्य तितके उशिराचे.